दाखल्यावरचे टक्के आणि हातातून गेलेलं काम

प्रश्न : वय ३४. स्वतःचा पिकअप टेम्पो आहे. शेतकऱ्यांचा कांदा, तरकारी गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पोचवायची भाडी करतो. चार महिन्यांपूर्वी न्हावरे–चौफुला रस्त्यावर रात्री उसाच्या उभ्या ट्रॉलीवर मागून आदळलो. ट्रॉलीला लाल दिवा नव्हता, रिफ्लेक्टर नव्हता. उजव्या मांडीचं हाड मोडलं, गुडघ्यात प्लेट आहे, गुडघा वाकत नाही. अपंगत्वाचा दाखला ४५ टक्क्यांचा मिळाला. ट्रॅक्टरवाला म्हणतो, ट्रॉली उभी होती, तूच येऊन धडकलास. गावातले जाणकार म्हणतात, दाखला ४५ टक्क्यांचा तर भरपाईही ४५ टक्केच. मी पुन्हा स्टेअरिंगवर बसू शकणार नाही. मग माझं नुकसान ४५ टक्के कसं?
— एक वाचक, न्हावरे परिसर

उत्तर : तुमचा शेवटचा प्रश्न अगदी बरोबर आहे आणि त्याचं उत्तर तुमच्या बाजूचं आहे. पण त्याआधी तारखेचं बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ नुसार भरपाईचा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांच्या आत करायचा असतो. १ एप्रिल २०२२ पासून ही अट लागू आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तिथून अंतरिम दिलासाही मिळाला आहे. तरी त्या भरवशावर राहू नका. तुमचे चार महिने गेले, दोन उरलेत. अर्ज आता करा. उपचार चालू असले, अंतिम दाखला यायचा असला तरी अर्जाचं काही अडत नाही. कागद नंतर जोडता येतात. अर्जासाठी अपघाताच्या ठिकाणीच जावं लागतं असंही नाही. तुम्ही राहता तिथलं किंवा समोरचा राहतो तिथलं मोटार अपघात दावा न्यायाधिकरणही चालतं.

आता 'ट्रॉली उभी होती' याबद्दल. गळीत हंगामात शिरूर–दौंड पट्ट्यातल्या रस्त्यांवर रात्री काय चालतं, हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, पाट्यांच्या बाहेर आलेला ऊस, मागे दिवा नाही. टायर फुटला की गाडी डांबरावरच उभी आणि चाकामागे दोन धोंडे. गाडी उभी असली म्हणजे मालकाची जबाबदारी संपली, असं कायदा म्हणत नाही. याचा मोठा निकाल महाराष्ट्रातलाच आहे. २९ ऑक्टोबर १९८७ च्या पहाटे तेव्हाच्या राष्ट्रीय महामार्ग ४ वर कवठे गावाजवळ पेट्रोलचा टँकर ट्रकला धडकून उलटला. तो जागेवरच पडून राहिला आणि तीन-चार तासांनी त्याचा स्फोट झाला. जमलेली माणसं भाजली, त्यांतली काही दगावली. विमा कंपनीचं म्हणणं होतं, टँकर चालूच नव्हता, मग हा वाहनाच्या वापरातून झालेला अपघात कसा? सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये ते मान्य केलं नाही. वाहन बंद पडून जागेवर असलं तरी तो वाहनाचा वापरच, असं न्यायालयाने ठरवलं.

राहिला चूक कुणाची हा मुद्दा. रात्री रस्त्यात दिव्याशिवाय उभ्या केलेल्या गाडीवर मागून आदळणाऱ्याच्या माथी अर्धी चूक मारायची, ही जुनी सवय आहे. २०१८ मध्ये गॅसच्या टँकरच्या आणि २०२४ मध्ये चौदा चाकी ट्रेलरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती मोडून काढली. दोन्हीकडे गाडी रस्त्यात दिव्याविना उभी होती आणि दोन्हीकडे धडकणाऱ्याची चूक धरली गेली नाही. अर्थात हे आपोआप होत नाही, ट्रॉली कशी उभी होती ते दाखवावं लागतं. म्हणून घटनास्थळाचा पंचनामा आजच मिळवा आणि स्वतः वाचा. ट्रॉली डांबरावर होती की साइडपट्टीवर? मागे दिवा, रिफ्लेक्टर, फांदी, काही होतं का? चाकामागच्या धोंड्यांचा उल्लेख आहे का? रस्त्यावर दिवे होते का? त्यात नसेल तर त्या रात्री मदतीला आलेल्यांच्या मोबाइलमध्ये फोटो असतात, ते लगेच जमवा. अशा अपघातांत मागून धडकणाऱ्यावरच गुन्हा दाखल झालेला असतो, तसा तुमच्यावर झाला असला तरी हाय खाऊ नका. न्यायाधिकरणात फौजदारी खटल्याइतका कडक पुरावा लागत नाही, कोणती शक्यता अधिक हे पाहिलं जातं. आणि चुकीचा वाद अगदीच अंगावर येतोय असं दिसलं, तर कलम १६४ आहे. त्यात कुणाची चूक हे सिद्ध न करता गंभीर दुखापतीला अडीच लाख आणि मृत्यूला पाच लाख मिळतात. पण तुमच्या नुकसानीपुढे ती रक्कम तोकडी आहे. वकिलाने सांगितलं म्हणून घाईने तिकडे वळू नका.

ट्रॅक्टरचा आणि ट्रॉलीचा नोंदणी क्रमांक वेगळा असतो, विमाही वेगळा पाहावा लागतो. दोन्हींची नावं अर्जात असू द्या. एम-परिवहन ॲपवर विमा कधीपर्यंतचा आहे ते दिसतं. पोलिसांनाही काम नेमून दिलेलं आहे. २०२२ च्या नियमांनुसार पहिला अपघात अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे जायला हवा, आणि तो अहवालच भरपाईचा अर्ज मानता येतो. पोलिस ठाण्यात जाऊन तो गेला का, एवढं विचारा आणि प्रत मागा. गेला असेल तरी आपला अर्ज आपण करावा, असंच मी सांगेन.

आता टक्क्यांकडे येऊ. तुमचा दाखला हातात घ्या आणि टक्क्यांच्या आकड्याशेजारची ओळ वाचा. तिथे शरीराचा भाग लिहिलेला असतो : उजवा पाय. म्हणजे ४५ टक्के हे त्या पायाचे आहेत, तुमचे नाहीत. त्याच कागदावर 'कायमस्वरूपी' की 'तात्पुरते' हेही असतं आणि पुन्हा तपासणी कधी तेही. चार महिन्यांत मिळालेला दाखला बहुधा तात्पुरता असतो. तसं असेल तर उपचार संपल्यावर फेरतपासणी करून घ्यावीच लागेल.

डॉक्टर हाड, सांधा आणि स्नायू मोजतात. न्यायाधिकरणाला मोजायची असते तुमची कमाई. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने १८ ऑक्टोबर २०१० च्या 'राजकुमार विरुद्ध अजय कुमार' या निकालात इतकं स्वच्छ मांडलंय की आजही प्रत्येक दुखापतीच्या दाव्यात तो निकाल समोर ठेवला जातो. न्यायालय सांगतं, आधी पाहा की या माणसाला आता काय करता येतं आणि काय येत नाही. मग पाहा, अपघाताआधी तो काय काम करायचा आणि त्याचं वय किती. आणि मग ठरवा, की जुनं काम पूर्ण सुटलं, अर्धवट जमतंय की दुसरं काही करून पोट भरता येईल. त्यातलं उदाहरण असं : डावा हात तुटला, तर ड्रायव्हरची किंवा सुताराची कमाई जवळजवळ शंभर टक्के बुडते, सरकारी कारकुनाची नोकरी मात्र टिकूनही राहू शकते. हात दोघांचाही तुटला, नुकसान सारखं नाही.

याच निकालाची दुसरी बाजूही तुम्हाला ठाऊक हवी. त्या खटल्यातला अर्जदार चीज विकणारा होता. त्याच्या डाव्या पायाचा दाखला ४५ टक्क्यांचाच होता, तुमच्यासारखा. न्यायालयाने त्याच्या कमाईतली घट धरली फक्त २० टक्के, कारण त्याचा विक्रीचा धंदा त्या पायाने थांबत नव्हता. उलट २०१२ च्या एका निकालात हातगाडी ओढणाऱ्या ५५ वर्षांच्या माणसाचा डावा पाय गेला होता. खालच्या न्यायाधिकरणाने ५० टक्के नुकसान धरलं, 'बसून करायचं काही काम तो करू शकतो' म्हणून. सर्वोच्च न्यायालयाने ते ९० टक्के केलं. ज्याने आयुष्यभर अंगमेहनत केली त्याने पंचावन्नाव्या वर्षी नवं बैठं काम कुठून आणायचं? मला हा निकाल फार महत्त्वाचा वाटतो, कारण 'टपरी टाक, बसून काहीतरी कर' हे आपल्याकडे पाय गेलेल्या प्रत्येकाला सहज ऐकवलं जातं.

तेव्हा तुमचा दावा 'पाय ४५ टक्के गेला' असा मांडायचा नाही. 'उजवा गुडघा वाकत नाही, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर उजव्या पायाचे, म्हणून ड्रायव्हरकी संपली' असा मांडायचा. त्यासाठी ज्या हाडांच्या डॉक्टरांनी ऑपरेशन केलं, त्यांची साक्ष लागते. डॉक्टरांनी टक्के सांगून थांबू नये. मालवाहू गाडी चालवणं, क्लच-ब्रेक दाबणं, गोणी उचलणं, उकिडवं बसणं यांतलं काय जमणार नाही, ते त्यांनी सांगावं. डॉक्टर कोर्टात यायला नाखूश असतात, हे राजकुमारच्या निकालातही आलंय. त्यांना ठरावीक वेळ द्या किंवा कमिशन नेमून त्यांच्याकडे जाऊन साक्ष घ्या, असा मार्गही त्यातच दिलाय. पैसे मोजून मिळणाऱ्या तयार दाखल्यांबद्दल त्याच निकालात इशारा आहे. असा दाखला जोडलात, तर खऱ्या दुखापतीवरही संशय येतो.

आकड्यांनी पाहू. समजा, डिझेल, हप्ता, देखभाल जाऊन महिन्याला तुमच्या हातात १८,००० उरत होते. सर्वोच्च न्यायालयाचा प्रणय सेठी निकाल (२०१७) सांगतो की चाळिशीच्या आतल्या स्वयंरोजगारी माणसाच्या उत्पन्नात भविष्यातल्या वाढीपोटी ४० टक्के मिळवायचे. झाले २५,२००. वर्षाचे ३,०२,४००. सरला वर्मा निकालातल्या (२००९) तक्त्यात ३१ ते ३५ वयाला गुणक १६ आहे. गुणाकार येतो ४८,३८,४००. दुखापत झालेला माणूस जिवंत आहे, त्याचा खर्च चालूच आहे. म्हणून मृत्यूच्या दाव्यात होते तशी वैयक्तिक खर्चाची वजावट इथे नसते. आता विमा कंपनीचे वकील म्हणतील, पायाचे ४५ म्हणजे अख्ख्या शरीराचे २२ धरा. तसं झालं तर रक्कम १०,६४,४४८. गावातल्या जाणकारांच्या हिशेबाने ४५ धरले तर २१,७७,२८०. आणि काम सुटलं हे पटवून ८० टक्के धरायला लावले तर ३८,७०,७२०. माणूस तोच, पाय तोच, दाखलाही तोच. यात दवाखान्याचा खर्च, घरी पडून असलेल्या महिन्यांची बुडालेली कमाई, पुढची ऑपरेशनं, सोबतीच्या माणसाचा खर्च आणि सोसलेल्या वेदनांची भरपाई वेगळी मिळवायची. त्यावर अर्जाच्या तारखेपासून व्याज.

१८,००० सिद्ध कसे करायचे? टेम्पोवाल्याकडे सॅलरी स्लिप नसते, पण कागद असतात. गाडीच्या कर्जाचा हप्ता ज्या खात्यातून जातो ते पासबुक, फास्टॅगच्या नोंदी, डिझेलची बिलं, यार्डाच्या गेटवरच्या पावत्या. ज्यांचा माल नेत होता त्या दोन-तीन शेतकऱ्यांच्या साक्षी फार कामाला येतात. आडत्याच्या पट्टीवर गाडीभाडं लिहिलेलं असतं, ती त्यांच्याकडून मागून घ्या. आणि काहीच कागद नसला तरी दावा शून्य होत नाही. २०१४ मध्ये पाय गमावलेल्या एका भाजीविक्रेत्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशा माणसाकडून उत्पन्नाचा कागद मागणं रास्त मानलं नाही आणि अंदाजाने उत्पन्न धरलं.

मेडिक्लेम असेल तर आणखी एक. 'बिल तुम्हाला मेडिक्लेममधून मिळालंच आहे, आता आम्ही का द्यायचं?' असं समोरची कंपनी म्हणायची. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने सांगितलं की ती रक्कम भरपाईतून वजा करता येणार नाही. हप्ते तुम्ही भरलेत, त्याचा फायदा तुमचा.

दवाखान्याच्या दारात भेटणाऱ्या एजंटांना दूर ठेवा. भरपाईत वाटा ठरवून घेणं वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनी मना आहे. तसा करार कुणी पुढे केला तर सही करू नका. लोकअदालतीत तडजोड करायला हरकत नाही, मात्र वरचा हिशेब स्वतः कागदावर मांडून मगच जा.

प्रश्न : धाकटा भाऊ रोज दौंडहून पुण्याला कामाला जायचा. गर्दीत चढताना पाय निसटला, पाऊल कापावं लागलं. पास पाकिटात होता, पाकीट त्या गडबडीत गेलं. लोक म्हणतात, चालत्या गाडीत चढला, आता काही मिळणार नाही.
— एक वाचक, दौंड

उत्तर : मिळतं. रेल्वे कायद्याच्या कलम १२४अ मध्ये गाडीतून पडणं ही 'अनुचित घटना' आहे आणि तिथे रेल्वेची चूक सिद्ध करावी लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१८ मध्ये दोन्ही शंका मिटवल्या आहेत. चढता-उतरताना पडलेल्याचा निष्काळजीपणा म्हणजे त्याने स्वतःहून करून घेतलेली इजा नव्हे. आणि तिकीट सापडलं नाही एवढ्यावरून तो विनातिकीट ठरत नाही. प्रवासाबद्दल प्रतिज्ञापत्र आणि मिळतील ते पुरावे द्यायचे, पुढचं खंडन रेल्वेने करायचं. तुमच्याकडे मागच्या महिन्यांचे पास असतील, ऑनलाइन काढला असेल तर मोबाइलमध्ये नोंद असेल, कामावरच्या हजेरीचा उतारा मिळेल. रेल्वे पोलिसांची नोंद आणि स्टेशन मास्तरांचा मेमो मागून घ्या. दावा रेल्वे दावा न्यायाधिकरणात करायचा, एक वर्षाच्या आत.

एक फरक मात्र लक्षात घ्या. इथे भाऊ काय काम करतो याचा विचार नाही. कोणत्या इजेला किती, याचा ठरलेला तक्ता आहे. १ जानेवारी २०१७ पासून मृत्यूला आणि सर्वांत गंभीर इजांना ८ लाख, बाकीच्या इजांना त्याहून कमी. गवंड्याला आणि कारकुनाला सारखंच. मला हे अन्यायाचं वाटतं, पण आज कायदा असाच आहे.

प्रश्न : रांजणगाव एमआयडीसीत ठेकेदाराकडे कामाला आहे. प्रेस मशीनमध्ये उजव्या हाताची तीन बोटं गेली. ठेकेदार म्हणतो, दवाखान्याचं मी बघतो, ईएसआयला कळवू नको, नाहीतर काम जाईल.
— एक वाचक, शिरूर

उत्तर : ऐकू नका. दवाखान्याचा खर्च एकदाच होतो, बोटं कायमची गेलीत. पगार महिन्याला २१,००० पर्यंत असेल तर तुम्ही ईएसआयच्या (कर्मचारी राज्य विमा योजनेच्या) कक्षेत येता. ठेकेदाराने नाव घातलं नसलं तरी मूळ कंपनीची जबाबदारी सुटत नाही. कामावरच्या इजेला किमान इतकी वर्गणी भरलेली हवी, अशी अटही नाही. अपघाताचा अहवाल कंपनीने ईएसआयकडे पाठवायचा असतो. तो गेला नसेल तर तुम्हीच शाखा कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

एका हाताची तीन बोटं गेली तर कायद्याच्या परिशिष्टात ३० टक्के धरतात. पगार दिवसाला ५०० असेल, तर त्याच्या ९० टक्के म्हणजे ४५०, त्याचे ३० टक्के म्हणजे रोजचे १३५. महिन्याला सुमारे ४,०५०, आयुष्यभर. दुसरी नोकरी लागली तरी ते बंद होत नाहीत. ठेकेदार नेमकं हेच तुमच्यापासून लपवतोय. वैद्यकीय मंडळाचे टक्के कमी वाटले तर अपील करता येतं.

कुरकुंभ किंवा रांजणगावला दुचाकीवरून कामावर येता-जाता अपघात झालेल्यांसाठीही हे लागू पडतं, घर ते कारखाना हा प्रवास त्यात धरला जातो. ईएसआय नसलेल्या कामगारांसाठी जुलै २०२५ चा निकाल आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या साखर कारखान्याचा एक पहारेकरी पहाटेच्या पाळीला जाताना एप्रिल २००३ मध्ये अपघातात गेला. कारखाना पाच किलोमीटरवर राहिला होता. उच्च न्यायालयाने भरपाई रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने ती परत दिली. त्या घराला बावीस वर्षं वाट पाहावी लागली. तुमच्या वेळी ती पाहावी लागू नये.

प्रश्न : आमच्या नावावर सातबारा आहे. अपघातात वडिलांचा एक डोळा गेला. शेतकऱ्यांच्या योजनेतून घेतलं तर कोर्टातला दावा जातो का?
— एक वाचक, यवत

उत्तर : जात नाही. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत एक डोळा किंवा एक अवयव निकामी झाल्यास १ लाख, दोन निकामी झाल्यास किंवा मृत्यू झाल्यास २ लाख मिळतात. वयाची अट १० ते ७५. प्रस्ताव तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे द्यायचा. हे सरकारी अनुदान आहे, धडक देणाऱ्याची जबाबदारी त्याने फिटत नाही. आणि धडक देणारी गाडी पळून गेली असेल, सापडलीच नसेल, तर तहसील कार्यालयात 'हिट अँड रन' योजनेचा वेगळा अर्ज करा. गंभीर दुखापतीला ५० हजार आणि मृत्यूला २ लाख मिळतात.

चौघांनाही शेवटी एकच सांगायचं आहे. वकिलाच्या फीपायी दावा सोडू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार दिव्यांग व्यक्ती, औद्योगिक कामगार, स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना वकील मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असो. बाकीच्यांना उत्पन्नाच्या मर्यादेत मिळतो. शिरूरच्या आणि दौंडच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती आहे. अपघाताची तारीख, पोलिसांचे कागद आणि दाखला घेऊन या आठवड्यातच तिथे जा.